कापूस आपला, खोळ त्यांची

धुळ्याच्या त्या कॉलेजचं नाव मी लिहिणार नाही. विसरलो म्हणून नाही. जळगावात माझं गादीचं दुकान आहे. त्या कॉलेजातून शिकून गेलेले वकील, बँकेतले साहेब, शाळामास्तर माझ्याकडे गाद्या घ्यायला येतात. बोलता बोलता कॉलेजचं नाव निघालं की मी त्यांना चहा पाजतो, पण भावात काही सोडत नाही. माझी बायको म्हणते, त्या बिचाऱ्यांनी तुमचं काय बिघडवलं? काही नाही बिघडवलं. पण त्या कॉलेजने माझा एक हंगाम घेतला आणि तो अजून परत केलेला नाही. लोक बांधासाठी भांडतात, वाटणीसाठी भांडतात. मी बेसबॉलच्या एका हंगामासाठी मनातल्या मनात भांडत आलो, आणि या भांडणात माझी तब्येत चांगली राहिली आहे.

आम्ही धरणगावचे पिंजारी. अब्बा कापूस पिंजायचे, गाद्या-रजया भरायचे. त्यांचे वडीलही तेच करायचे. पुढे आमच्याकडे मशीन आलं, पण माझ्या शाळेच्या दिवसांत अब्बा खांद्यावर पिंजण, म्हणजे कापूस पिंजायची धनुकली, घेऊन गल्लोगल्ली जायचे. तिच्या तातीवर लाकडाचा ठोका पडला की जो आवाज निघायचा तो ऐकून बाया दारात येत, माडीवर राहणाऱ्या वरूनच जुनी गादी खाली टाकत. घरात बसून पिंजायचं असलं की तो आवाज दिवसभर भिंतींतून ऐकू यायचा. कापसाची लव सगळीकडे. पापण्यांवर, वहीच्या पानांत, उडदाच्या घुट्यात. अम्मा भाकऱ्या थापताना परातीच्या वर एक जुनं धोतर आडवं बांधायची, तरी कळण्याच्या भाकरीच्या पापुद्र्यात एखादा तंतू निघायचाच. मला ती चव इतकी अंगवळणी पडली होती की मित्राच्या घरची स्वच्छ भाकरी मला अळणी लागायची. घरात अर्धी हिंदी, अर्धी अहिराणी चालायची. अम्मा रागावली की हिंदीत रागावायची आणि अब्बांचं सगळं अहिराणीत. भाव करणं आणि भांडणं या दोन्ही गोष्टी अम्मा एकाच आवाजात करत असे, त्यामुळे भाजीवाली आमच्या दाराशी उभी असली की शेजाऱ्यांना वाटायचं, काहीतरी झालं. माझा राग तिच्याकडून आला. अब्बा मात्र आवाज चढवत नसत. ते गिऱ्हाइकाच्या अंगणात बसून राहत, विडी काढत, पुन्हा खिशात ठेवत, आणि गिऱ्हाईक आपोआप वर सरकत येई. मी त्यांच्याशेजारी बसून ते पाहत मोठा झालो.

बसणं हा आमच्या धंद्याचा अर्धा भाग आहे. गादीला टाके घालताना दोन पायांवर उकिडवं बसून कडेकडेने सरकत जायचं, उठायचं नाही. दहाव्या वर्षापासून मी असा दोन-दोन तास सरकत असे. त्याचा पुढे काय उपयोग होणार आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

शाळेत निकम सर आमचे खेळाचे शिक्षक होते. तोवर त्यांनी आम्हाला कबड्डी, खो-खो आणि रांगेत उभं राहणं शिकवलं होतं. एकदा ते जळगावच्या शिबिराला गेले आणि दोन बॅटी, चार ग्लोज आणि खोकंभर चेंडू घेऊन आले. म्हणाले, हा बेसबॉल. पांढरा, कडक, चामड्याचा चेंडू आणि त्यावर लाल टाके. बाकीच्या पोरांनी तो फेकून पाहिला, मी त्याचा टाका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते शोधत बसलो. सापडेना. चेंडू खिशात घालून घरी आणला आणि अब्बांना दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला, नखाने चाचपला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मागून घेतला. त्यांनाही गाठ सापडली नाही. ज्याने कुणी तो शिवला होता त्याच्याबद्दल आमच्या घरात तेव्हापासून फार आदर होता.

या खेळात एक जण चेंडू टाकतो, एक जण बॅटने मारतो, आणि मारणाऱ्याच्या मागे एक जण उकिडवा बसून न लागलेला चेंडू झेलतो. त्याला कॅचर म्हणतात. ती जागा कुणालाच नको होती. बॅट नाकासमोरून फिरते, चेंडू तोंडावर येतो, आणि दहा मिनिटांत पोरांच्या पोटऱ्या भरून येत. निकम सरांनी एकेकाला बसवून पाहिलं. माझी पाळी आली तेव्हा मी बसलो आणि बसूनच राहिलो. शाळा सुटली, सर म्हणाले, ऊठ रे आता. मी म्हणालो, का? तिथे माझं ठरलं.

कॅचरला जाड ग्लोज लागतो, तो सरांनी आणला नव्हता. आठवड्यात माझा डावा तळवा असा सुजला की भाकरी मोडता येईना. अम्मा हळद लावताना हिंदीत शाळेचा, सरांचा आणि खेळाचा उद्धार करत होती. अब्बांनी माझा हात उलटा-सुलटा करून पाहिला.

“हाई काय शे?”

मी सांगितलं.

“आनि तुले तठेच बसनं शे?”

“तिथंच.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोच्याकडून चामड्याचे तुकडे आणले, माझ्या पंजाचा कागदावर आकार काढला, आणि दाभण घेऊन बसले. दोन दिवस दुसरं काम बाजूला ठेवून त्यांनी ग्लोज शिवला. दिसायला सुंदर होता. आत त्यांनी नव्या वेचणीचा, तीन वेळा पिंजलेला, ढगासारखा कापूस ठासून भरला होता. नवऱ्या मुलीच्या गादीला घालतात तो. मी तो घालून मैदानात बसलो, पहिला चेंडू आला, ग्लोजवर पडला आणि उडून परत टाकणाऱ्याकडे गेला. दुसराही गेला. पोरं पोट धरून बसली. निकम सर म्हणाले, “पिंजारी, हा ग्लोज आहे की लोड?”

घरी येऊन मी अब्बांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी भरलेल्या वस्तूला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ते स्वतः मैदानाच्या कडेला येऊन बसले आणि अर्धा तास नुसतं पाहिलं. चेंडू कसा येतो, कुठे लागतो, कुठे जातो. मग मला जवळ बोलावलं.

“म्हंजे तुले गादी नको. तुले बसेल गादी पाहिजे.”

“हो.”

“मंग आधी सांगाना.”

बसलेली गादी म्हणजे आमच्या धंद्यातला शत्रू. तिच्यावरच आमचं पोट, कारण ती बसते म्हणून लोक पिंजाऱ्याला हाक मारतात. अब्बांनी कोपऱ्यातलं टाकाऊ कापसाचं पोतं उपसलं. कुणाच्या तरी आजारी म्हाताऱ्याच्या अंगाखाली वर्षानुवर्षं दबून दगड झालेला कापूस त्यातून काढला, न पिंजता तसाच थरावर थर ठेवून ठोकला, आणि मधोमध खोलगट जागा ठेवली. त्या ग्लोजमध्ये चेंडू आला की ‘थप्’ असा जाड आवाज व्हायचा आणि चेंडू तिथेच राहायचा. अब्बा मात्र पुढे कित्येक वर्षं म्हणायचे की आयुष्यात एकदाच मी वाईट माल भरला आणि त्याचीच वाहवा झाली.

त्या ग्लोजवर मी तालुका खेळलो, जिल्हा खेळलो, एकदा विभागापर्यंत गेलो. बारावीला निकम सर मला म्हणाले, धुळ्याच्या कॉलेजात बेसबॉलची टीम आहे, युनिव्हर्सिटीच्या स्पर्धेत उतरते, तू तिथं खेळायला पाहिजेस. सर हे बोलून सायकलवर बसून निघून गेले, त्यांच्या लक्षातही राहिलं नसेल. मी ते वाक्य घेऊन घरी आलो आणि मला दुसरं काही सुचेना. कॉलेजचं नाव छातीवर असलेला शर्ट घालून मला खेळायचं होतं. आमच्या घरात कॉलेजात कुणीच गेलं नव्हतं, त्यामुळे कॉलेज मोठं की त्यातला बेसबॉल मोठा हा हिशेब करायला घरात कुणी नव्हतं. मी बेसबॉलच्या बाजूने केला.

अब्बांशी बोलायच्या आधी मी तीन दिवस गप्प राहिलो. हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. चौथ्या दिवशी फुनके-कढीचं जेवण होतं, अब्बा खुशीत होते. तेच म्हणाले, “सांग, काय पाहिजे.” मी सगळं एकदम मांडलं. शनिवारी दुपारी घरी येईन, सोमवारी पहाटे परत. दोन दिवसांत भरायच्या तेवढ्या गाद्या भरीन. लग्नसराईत पूर्ण वेळ घरी. त्यांनी लगेच दिवाळीची सुट्टी वाढवून मागितली. मी दिली. ईदच्या आधीचा आठवडा मागितला. तोही दिला. मग ते थांबले, कारण मी इतक्या पटकन देतो आहे म्हणजे मला ते किती हवं आहे हे त्यांना कळलं.

अम्मा चुलीपासून म्हणाली, “बी.ए. होके गादीच भरेगा ना?”

“हो.”

“तो फिर भर. बी.ए. की गादी महंगी बेच.”

खरं सांगायचं तर पुढे मी तेच केलं. दुकानाच्या पाटीवर माझ्या नावापुढे पदवी आहे आणि ती पाहून लोक थोडं कमी ताणतात.

धुळ्यात पिठाच्या गिरणीमागे एक खोली मिळाली. तिथे माझ्यासोबत गुलाब पावरा राहायचा. शिरपूरच्या पलीकडे डोंगरातल्या पाड्यावरचा. लहानपणापासून गोफणीने ज्वारीवरची पाखरं हाकलून त्याचा उजवा हात असा तयार झाला होता की तो चेंडू टाकायचा तेव्हा हवा फाटल्याचा आवाज यायचा. टीमचा मुख्य पिचर तोच. त्याचे चेंडू झेलायला कुणी धजत नसे. पहिल्या दिवशी मी त्याच्यासमोर बसलो आणि त्याने मुद्दाम जोर लावून दहा-बारा टाकले. मी सगळे धरले. तो जवळ येऊन माझा ग्लोज उघडून पाहू लागला.

“आत काय भरलंय रे पिंजाऱ्या?”

“मेलेल्या माणसाचा कापूस.”

त्याने ग्लोज पटकन खाली टाकला. रात्री गिरणी बंद झाल्यावर खरी गोष्ट सांगितली तर म्हणाला, चालेल, तो म्हाताराही आपल्या टीममध्ये. गुलाब भाकरी छान भाजायचा, मला फक्त शेवभाजी जमायची. आठवड्यातून दोनदा अम्माचा डबा एस.टी.ने यायचा. धरणगावच्या स्टँडवर ती कंडक्टरच्या हातात द्यायची आणि धुळ्यात मी घ्यायला उभा असायचो. कळण्याच्या भाकरी, ठेचा, कधी वांग्याचं भरीत. गुलाबने एकदा भाकरीतून तंतू काढून मला दाखवला. मी म्हणालो, तो खायचा असतो. त्याने खाल्ला.

ते तीन महिने माझ्या आयुष्यातले उत्तम महिने होते. पहाटे मैदान, मग वर्ग, मग पुन्हा मैदान. कॉलेजच्या खेळाच्या सरांना आम्ही नुसतं सर म्हणायचो आणि इथेही मी तेवढंच म्हणेन. त्यांना खेळ कळत होता. एक दिवस त्यांनी कॅचरचं छातीवर बांधायचं पॅड दाखवलं. आतला फोम भुगा झाला होता. मी ते शनिवारी घरी नेलं, अब्बांनी उसवलं, भुगा झटकला, कापूस भरून सोमवारच्या पहाटेपर्यंत शिवून दिलं. सर फार खूश झाले. माझ्या पाठीवर थाप मारली. मी त्या थापेवर इतका खूश झालो की मला दुसरं काही विचारायचं सुचलं नाही. रोज मी गुलाबचे चेंडू झेलत होतो, टीमचं सामान उचलत होतो, सुटलेल्या शिवणी घालत होतो, आणि मनात शर्ट घालून बसलो होतो.

दिवाळीनंतर युनिव्हर्सिटीच्या स्पर्धेची यादी फळ्यावर लागली. स्पर्धा जळगावला, पाच दिवसांवर. मी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. माझं नाव नव्हतं. कॅचर म्हणून एका मुलाचं नाव होतं जो संस्थेतल्या कुणाचा तरी भाचा होता. त्याला सगळे भाचाच म्हणायचे. पोरगा वाईट नव्हता. महिन्यात चार-पाचदा यायचा, पुण्याहून आणलेला नवा कोरा ग्लोज घालून बसायचा, आणि गुलाब त्याला हळू चेंडू टाकायचा.

सर त्यांच्या खोलीत चहा पीत होते.

“सर, माझं नाव?”

“अरे पिंजारी, तू पहिल्या वर्षाचा. पुढच्या वर्षी बघू. या वर्षी तू आमच्याबरोबर प्रॅक्टिसला आहेसच.”

“तीन महिने कोण बसलं खाली?”

“आवाज खाली.”

आवाज खाली घेणं मला तेव्हाही जमत नव्हतं. मी काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. चहाचा कप टेबलावरून पडला, तो माझ्या हाताने पडला की सरांच्या, यावर आजही माझं मत वेगळं आहे. मी सरळ सामानाच्या खोलीत गेलो, माझा ग्लोज घेतला, अब्बांनी भरलेलं ते पॅड घेतलं, दोन्ही पोत्यात कोंबलं आणि स्टँडवर जाऊन अमळनेरवरून धरणगावला जाणारी एस.टी. पकडली. रस्त्यात मला राग होता, पण त्याच्या तळाशी समाधानही होतं. कॉलेजकडे दुसरं पॅड नव्हतं. आता येतील माझ्या दाराशी, आणि मग मी भाव सांगीन, असं मी खिडकीतून कपाशीची शेतं पाहत ठरवत होतो.

अब्बा ओट्यावर टाके घालत बसले होते. मी पोतं त्यांच्यासमोर ओतलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते माझ्या हुशारीवर खूश होतील. त्यांनी सुई खोळीत खोचून ठेवली.

“मास्तरसंगे काय ठरेल व्हतं?”

“कशाचं?”

“तुन्या नावानं. बसाच्या पह्यले काय ठरेल व्हतं?”

काहीच ठरलं नव्हतं. दहा वर्षं मी या माणसाबरोबर दारोदार फिरलो होतो. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, बाई घाईत असो, पाऊस येत असो, अब्बा भाव ठरल्याशिवाय गादीला कात्री लावत नसत. एकदा उसवली की कापूस अंगणभर पसरतो, मग बाई काहीही देवो, पिंजाऱ्याला ती गादी तशी टाकून उठता येत नाही. ही गोष्ट आमच्या गल्लीतलं पाच वर्षांचं पोर सांगेल. आणि मी, पिंजाऱ्याचा मुलगा, तीन महिने उसवून बसलो होतो.

अब्बांनी पॅड हातात घेतलं, उलटं केलं, शिवण पाहिली.

“हाई कोनं शे?”

“तुम्ही भरलं.”

“कापूस आपला. खोळ त्यास्नी. खोळवाल्यानी वस्तू ऱ्हास.” मग ग्लोज माझ्याकडे सरकवला. “हाई तुना. हाई ठेव.”

मी म्हणालो, हे परत दिलं तर माझ्या हातात काही उरणार नाही. अब्बा म्हणाले, तुझ्या हातात आधीच काही नव्हतं. तोवर अम्मा आतून आली होती. तिने सरांना, भाच्याला आणि संस्थेला हिंदीत फैलावर घेतलं, आणि मला त्याने जरा बरं वाटलं. तिच्या मते पॅड विहिरीत टाकायला हवं होतं. माझ्याही मते. अब्बांनी दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घातला, पॅड स्वच्छ कापडात बांधलं आणि म्हणाले, चल.

मैदानावर सर होते, भाचा होता, गुलाब होता. अब्बांना पाहून सर उठले. मला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार. अब्बांनी पॅड त्यांच्या हातात दिलं.

“मास्तर, पोराने तुमची वस्तू नेली. चूक झाली. मोजून घ्या, टाके बघून घ्या.” बाहेरच्या माणसाशी ते बऱ्यापैकी शुद्ध बोलत.

“राहू द्या चाचा. पोरगं तापट आहे, पण चांगलं आहे.”

“हां.” अब्बा तिथेच मातीत उकिडवे बसले. विडी काढली, पुन्हा खिशात ठेवली. मला ती विडी ओळखीची होती. सर उभेच होते, मग त्यांना उभं राहणं अवघड वाटलं असावं, तेही दगडावर टेकले. गुलाब चेंडू हातात फिरवत लांब उभा होता.

“चाचा, यादी गेली युनिव्हर्सिटीला. आता नाव घालता येत नाही. माझ्या हातात असतं तर…”

“मी कुठं मागितलं?” अब्बा म्हणाले. “गेली ती गेली. तुम्ही म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.”

“हो, नक्की.”

“बघू की नक्की?”

सर हसले. अब्बा हसले नाहीत.

“नक्की, चाचा.”

“मग लिहून द्या.”

“अहो, शब्द आहे माझा.”

“शब्द आहेच. मी उर्दू वाचतो, मराठी नाही. कागदावर असलं की दुसऱ्याकडून वाचून घेता येतं.” हे साफ खोटं होतं. अब्बा रोज पानवाल्याकडे मराठी पेपर वाचायचे. सरांनी शेवटी खिशातून डायरी काढली, पान फाडलं आणि पुढच्या वर्षी मी पहिला कॅचर असेन असं लिहून सही केली. अब्बांनी ते पान न बघता माझ्याकडे दिलं. “वाच.” मी मोठ्याने वाचलं. गुलाबने ऐकलं, भाच्याने ऐकलं. “आता ह्या वर्षाचं,” अब्बा म्हणाले. “पोरगा जळगावला येईल, तुमच्या पिचरचा हात गरम करून देईल. त्याला बाकावर टीमसोबत बसवायचं, सामानासोबत नाही.”

जळगावला मी बाकावर बसलो, माझ्या घरच्या पांढऱ्या शर्टात. तिसऱ्या इनिंगमध्ये गुलाबचा एक चेंडू भाच्याच्या अंगठ्यावर बसला आणि अंगठा वाकडा झाला. सरांनी बाकाकडे पाहिलं. त्यांची नजर सगळ्यांवरून फिरत माझ्यावर आली आणि थांबली. ज्याचं नाव यादीत नाही तो मैदानात उतरू शकत नाही. ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. जन्मात कधी खाली न बसलेला एक जण बसला, गुलाबचे चेंडू त्याच्या दोन्ही बाजूंनी कुंपणापर्यंत गेले, आणि आम्ही हरलो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. गुलाबचा चेहरा पाहिल्यावर मात्र बरं वाटायचं थांबलं. तो रडत नव्हता, बुटाने माती उकरत होता. त्याचाही तो हंगाम होता, आणि त्याने कुणाचं काही वाईट केलं नव्हतं. ही माझ्या हिशेबातली दुसरी बाकी मी त्या कॉलेजच्या नावावर लावली आहे.

पुढच्या जूनमध्ये मी तो कागद घेऊन सरांच्या खोलीत गेलो. चार घड्या घालून खिशात ठेवला होता आणि काय बोलायचं ते पाठ केलं होतं. सर म्हणाले, “अरे, कागद कसला काढतोस? तुझ्याशिवाय कोण आहे माझ्याकडे?” आणि पुन्हा पाठीवर थाप. मला इतका राग आला की काय सांगू. ठरलेली वस्तू द्यायची वेळ आली आणि हा माणूस ती प्रेमाने देत होता, जणू मागच्या वर्षी काही घडलंच नव्हतं. मी कागद त्यांच्यासमोर टेबलावर उघडून ठेवला आणि ते वाचेपर्यंत हललो नाही. त्यांनी वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, “तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग.” तो निरोप मी अब्बांना दिला. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, शर्ट कधी मिळणार?

शर्ट ऑक्टोबरात मिळाला. निळा, छातीवर त्या कॉलेजचं नाव, जे मी लिहिणार नाही. अंगाला ढगळ होता. अम्माने बाजूने टाके घालून आवळायला मागितला, मी दिला नाही, उगाच शिवणीत नाव वाकडं व्हायचं. पहिली मॅच सकाळची होती. दव पडलेलं, मैदानावर चुन्याच्या रेघा नुकत्याच मारलेल्या. गुलाब लांब उभा राहून खांदा फिरवत होता. अब्बा आदल्या संध्याकाळीच धुळ्याला येऊन आमच्या खोलीवर राहिले होते. ते कुंपणापाशी उकिडवे बसले होते, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला कॅचरची जागा किती अवघड असते हे अहिराणीत समजावत होते.

खेळ सुरू व्हायच्या आधी टेबलावर बसलेला स्कोअरर एकेका खेळाडूला बोलावून यादीशी नाव पडताळत होता. जाड भिंगांचा, वयस्कर माणूस. त्याच्या पेनातली शाई मधेच अडत होती. मी पुढे झालो.

“नाव?”

मी सांगितलं.

त्याने पेन झटकलं. “मोठ्याने सांग बाळा, ऐकू आलं नाही.”

मी पुन्हा सांगितलं. आडनाव, मग माझं, मग अब्बांचं. तो लिहीपर्यंत मी टेबलावर वाकून बघत राहिलो. त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, झालं, जा आता. मी म्हणालो, तुमचं लिहून होऊ द्या.